टकल्या बाहुल्या

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक थोरली नणंद आणि तिची भावजय नंबरची वाट पाहत बसल्या होत्या.

"वहिनी, डोळे आज नीट तपासून घे. सोमवारपासून तुला कामावर घेतायत."

"पण वन्सं, तुमचा बाहुल्यांचा कारखाना बंद पडला होता ना? परदेशी बाहुल्या स्वस्त पडतात म्हणून?"

"पडला होता. आता सरकारने परदेशी बाहुलीवर दणदणीत कर लावलाय."

"मग पुन्हा बाहुल्या आपणच करायच्या?"

"छे! कर केसवाल्या बाहुलीवर. टकली म्हणजे नुसता सुटा भाग, तिला कर नाही. मालक टकल्या मागवतो. केस आपण शिवायचे, दिवसाला चाळीस डोकी."

"अगंबाई!"

"हसू नकोस. परवा जेवताना ह्यांच्या टकलाकडे बघून माझे हात शिवशिवायला लागले."

"अहो, त्यांना तरी सोडा! आणि उद्या टकलीवरही कर लावला तर?"

"मग मुंडक्याशिवाय येतील. तुझ्या जावेलाही लावून घेऊ."

"आणि हातपायही सुटे आले तर?"

"अख्खी गल्ली कामाला!"

"म्हणजे होता होता सगळी बाहुली इथेच!"

"पूर्वी होतच होती की."

"आणि वन्सं, कर उठवलाच तर?"

"मग वेण्या घालूनच येतील."

"आणि आपण?"

"आपण चष्मा लावून दुसरं काम शोधायचं. ऊठ, तुझा नंबर आला. आणि डॉक्टरांना टक्कल आहे. हसलीस तर याद राख!"