आधी हात बघा

माझ्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, आणि आज दात दुखत नसतानाही या दवाखान्यात आलेल्या तमाम पेशंट मंडळींनो, नमस्कार.

फुलं मिळाली, कौतुकही पोटभर झालं. खरं सांगू? मला आता नुसतं बसावंसं वाटतंय. सव्वीस वर्षं तो प्लास्टिकचा जबडा हातात धरून मी एकच विचारत आले: ब्रश केलात, पण दातांमधल्या फटी कोण साफ करणार? आणि तुम्ही सगळे माना डोलवायचात. "फटींमधून दोरा रोज फिरवता ना?" "हो तर!" हिरडीला जरा हात लावला की रक्त. कुणी टाचणी वापरायचं, कुणी काडेपेटीतली काडी. एक गणिताचे मास्तर तर कर्कटकाचं टोक! आता यावर काय बोलणार, कपाळ!

बोलून बोलून माझीही जीभ तिखट झाली, हे कबूल करते. आमचे शिंपीकाका जुन्या मंडळींना आठवत असतील. तीनदा दोरा दिला, तिन्ही वेळा हिरड्या सुजलेल्याच. मी बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या पेशंटांदेखत म्हणाले, "काका, जन्म दोऱ्यात गेला आणि एवढासा दोरा जमत नाही? आळस, दुसरं काय!" सगळे हसले. काकाही हसले. पुन्हा काही आले नाहीत.

मागच्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. आरशासमोर दोरा घेऊन उभी राहिले आणि लक्षात आलं, अहो, याला दोन धड हात लागतात! मग दवाखान्यातलं फटी साफ करायच्या साधनांचं कपाट जवळजवळ रिकामं करून घरी नेलं. एकट्या डाव्या हाताला जमलं ते एकच, लांब दांडीचा, फटीत शिरणारा बारीक ब्रश. तेव्हा काकांची बोटं आठवली. सुजलेली, सांध्यात वाकडी झालेली. मी त्यांचे दात बघत राहिले, बोटांकडे लक्षच दिलं नाही.

ब्रशचं पाकीट घेऊन त्यांचं घर शोधलं. काका हसले. तोंडात पूर्ण कवळी. "आता हे कुठे फिरवू, बाई?" आवाजात राग नव्हता. पाकीट त्यांनी मशीनवर बसलेल्या सुनेला दिलं. "घे गं, सुईखालची लव काढायला बरं आहे." माफी मागायला गेले होते, ती तशीच घेऊन परत आले.

माझ्या जागी येणाऱ्या ताई, लोक विचारतील, कुठलं साधन चांगलं? फट अरुंद की रुंद, ते डॉक्टर सांगतील. पण जे त्या माणसाला रोज जमेल, तेच खरं. जबडा दाखवायच्या आधी हात बघा.

डॉक्टरसाहेबांनी मला सांभाळून घेतलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांची मनापासून आभारी आहे. कमीजास्त बोलले असेन तर माफ करा, असं शेवटी म्हणायचं असतं. मी जास्त बोलले आहेच. काका आज आलेत, मागच्या बाकावर बसलेत. तेव्हा सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून आज सगळ्यांदेखतच म्हणते.

काका, माझं चुकलं.