न उडालेल्या सुरुंगापाशी

मंडळी, एक सांगा! वेळ थोडा आणि काम ढीगभर — अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? पळतो! बरोबर? माना डोलावल्यात की सगळ्यांनी! मग ऐका.

दगडाच्या खाणीवर दुर्गाप्पा नावाचा गडी होता. सुरुंग लावण्यात हात बसलेला, पण परवाना नाही. याच कामात त्याचा थोरला भाऊ गेला. सुरुंग पेटवला, उडाला नाही, काय झालं म्हणून बघायला गेला — आणि तेव्हा उडाला! घरी काय आणलं असेल त्याचं? नका विचारू, माउली.

त्या भावाची बायको तिम्मव्वा. तिनंच दिराला परीक्षेला धाडलं. "भावजी, रीतसर शिका. परवानावाला माणूस खाणीवर असला, तर दुसरीचं कुंकू तरी राहील." अहो, काय काळीज असेल त्या बाईचं!

परीक्षा खाणीतच. साहेब म्हणाले, "चार कामं, दोन तास. घंटा झाली की हात थांबवायचे." दुर्गाप्पानं पहिली दोन चोख केली. तिसरं — सुरुंग पेटवायचा. दारू खोटी हं, नुसता फटाक्याएवढा बार व्हायचा, घाबरू नका! पेटवला... आणि उडेचना!

आता नियम काय? न उडालेल्या सुरुंगापाशी अर्धा तास फिरकायचं नाही! दुर्गाप्पाला झोपेत विचारा, सांगेल. बसला आडोशाला. पण डोळा कुठं? घड्याळावर! "इथंच बसलो तर चौथं काम राहिलं! नापास! वहिनीला काय तोंड दाखवू? आणि दारू तर खोटीच आहे की!" उठला. गेला. सुरुंगाची वात काढली. चौथं काम पळापळीत उरकलं — घंटेच्या आत! घामाघूम झाला, पण गडी खूश.

साहेब म्हणाले, "नापास."

"साहेब, चारही झाली की!"

"चौथं राहिलं असतं तरी पास केलं असतं. थांबता येतं का, तेवढंच बघत होतो."

"पण दारू खोटी होती, साहेब—"

"खरी असती, तर मी आता कुणाशी बोलत असतो रे?"

घरी आला. तिम्मव्वा भाकरी थापत होती. यानं सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. तिचे हात थांबले. भाकरी तव्यावर करपली, तरी तिला भान नाही.

"भावजी, तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"होता, वहिनी."

"मी आजवर मनाला समजावत होते, ह्यांना कुणी सांगितलंच नसेल. म्हणजे ह्यांनाही ठाऊक असणार. आणि तरी गेले!"

बाई दुसऱ्यांदा विधवा झाली हो त्या चुलीपुढं!

आणि आपण? रेल्वेचं फाटक पडलेलं दिसतं, तरी गाडी वाकवून खालून काढतोच ना? कुणासाठी एवढी घाई? घरी वाट बघतात त्यांच्यासाठी, म्हणता! त्यांना कधी विचारलंत, उशीर चालेल का? आज घरी गेलात की विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत जरा थांबा.