गायब्यानं माफी मागू नये

जय भीम. बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका, खुर्च्या कमीच आहेत. भास्करच्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं आली, बघून नवल वाटलं. तो होता तेव्हा त्याच्या दारात कुणी थांबत नव्हतं. बोलायला उभी राहिले खरी, पण बोलणं अवघड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. मघापासून हसू दाबून बसलेय, म्हणून.

हसू कशाचं? आपले सेक्रेटरी मोहन मघाशी याच माईकवर म्हणाले, भास्कर मनमिळाऊ होता. मोहन, बाबा, कुठला भास्कर? आपल्या परळच्या चाळीतला, तिसऱ्या माळ्यावरचा? अरे, तू जिन्यात दिसलास की तो भिंतीकडे तोंड करायचा. आणि तू मागनं त्याला काय म्हणायचास, सांगू का माईकवर? नको ना? बरं.

पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्याचं पुण्य आठवून आनंद मानायचा, असं भंतेजींनी सांगितलं. मी दुसरीत शाळा सोडली, मोठे शब्द मला कळत नाहीत. पण पुण्य असेल तेवढंच आठवावं, नसलेलं चिकटवू नये, एवढं कळतं. भास्करचं पुण्य एकच. त्यानं टीव्हीवर गायब्या केला. तो मला आवडला. पोटच्या पोरापेक्षा जास्त आवडला. माझा पोरगा इथंच बसलाय, ऐकू दे त्याला.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. सिरियल त्या आभाळवीराची. आभाळवीर उडतो, पडता पूल हातावर धरतो, आणि दात असे पांढरे की मला टीव्हीचा उजेड कमी करावा लागतो. गायब्या त्याचा मित्र. त्याला एकच शक्ती, दिसेनासं व्हायचं. एवढी शक्ती मिळाल्यावर माणूस काय करेल? चोर पकडेल? हा रांगेत पुढं घुसायचा. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी खायचा. आभाळवीराला धरून गुंड बडवतायत, आणि हा? गायब.

आणि तो हॉस्पिटलचा भाग! म्हातारी आई खाटेवर. हाका मारतेय, "आला का रे माझा बाळ?" हा तिथंच उभा, गायब होऊन, तिच्याच उशाची मोसंबी सोलतोय. सालं हवेतनं खाली पडतायत. आई सालांकडे बघते. ओळखते. हाक मारायची बंद होते. माझी सून पदरानं डोळे पुसायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "आई, तुम्हाला काळीज नाय." नसेल. पण चेहरा दिसत नसताना नुसत्या चघळण्याच्या आवाजातून माणूस किती हलकट आहे ते दाखवायचं, हे कुणाला जमलंय? तुमच्या आभाळवीराला जमेल?

त्याच आठवड्यात भास्कर दादरच्या बाजारात गेला. तिथं वरळी कोळीवाड्याची एक मावशी बसते, तिनं सुरमई परत टोपलीत टाकली. म्हणाली, "गायब्या, आयशीची मोसंबी खाल्लीस ना, जा, तीच खा. तुला मासळी नाय!" आजूबाजूच्या बायकांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्या. हा धावत माझ्याकडे. "पारूआजी, मला मासळी दिली नाय! हाकलला मला!" तोंड असं फुललेलं, जसं काही कुणी हार घातला. त्याची बायको सुनंदा घरी तवा तापवून बसली होती. तिला मात्र जाऊन काही सांगितलं नाही. तो तसाच होता.

का आवडला मला? अहो, मी आयुष्यभर असलेच पुरुष बघितले. आयत्या वेळेला गायब होणारे. बाप तसा, नवरा त्याच्यावर कडी. मी वाट बघत बसले की एक दिवस यांना उपरती होईल. सिरियलमध्ये सगळ्यांना होते, नाही का? शेवटच्या भागात पाऊस लावतात, बाजा वाजवतात आणि मेला गुडघे टेकतो. आमच्या घरात कुणी गुडघे टेकले नाहीत. माझा नवरा मरताना काय म्हणाला ठाऊक आहे? "चहात साखर कमी आहे." आणि गेला. म्हणून गायब्या मला खरा वाटला. तो नाही रडला.

सिरियलवाले रडवायला बघत होते त्याला. भास्कर मला विचारायला आला. म्हणाला, "आजी, आता गायब्या आभाळवीराचे पाय धरतो असं लिहिलंय. रडू का?" मी म्हटलं, "रड. मी टीव्ही बंद करते." तो हसला. दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणून आला. त्यांनी काम कमी केलं, मग बंद केलं. घरी बसला, सुनंदावर खेकसत बसला, आणि मागच्या आठवड्यात बसल्या जागी गेला. तुम्ही म्हणता, म्हातारीनं पोराचं वाटोळं केलं. म्हणा.

आता हे पुढच्या खुर्चीतले साहेब. सिरियलवाले. मघाशी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना. काय म्हणाले ते? भास्करला मानवंदना देणार. कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा करणार, त्याचा आवाज करणार, आणि गायब्या येऊन माफी मागणार. पाय धरून, रडून. फक्त घरच्यांची संमती हवी. साहेब, जिवंतपणी वाकला नाही म्हणून मेल्यावर वाकवता? ही मानवंदना?

सुनंदा, म्हणून मी उठले. तू हो म्हणू नकोस. एवढंच.

काय? मोठ्यानं बोल गं, मागं ऐकू जात नाही.

ऐकलंत का? ती म्हणते, सकाळीच हो म्हणून सांगितलंय. का गं?

ती म्हणते, "आजी, लग्न झाल्यापासून एकदासुद्धा 'चुकलं' म्हणाला नाय. मशीनच्या तोंडून का होईना, मला ऐकायचंय."

थांबा, मला पाणी द्या.

सुनंदे, ऐक. वाईट बोलते, पण बोलते. ती माफी आभाळवीराला जाणार. त्या उडणाऱ्या दातवाल्याला. तुझं नाव आहे का त्या सिरियलमध्ये? साहेब, तुम्हीच सांगा. मशीन कसलंही बोलतं ना? मग असं बोलेल का, "सुनंदा, माझं चुकलं"? तेवढी तीन अक्षरं घालता का तिच्या नावाची? मी माझं बोलणं परत घेते, तुमच्या पाया पडते. घालता?

साहेब म्हणतायत, कथेत बसत नाही.

बघ बाई. तिथंही बसत नाहीस तू.

रडू नका गं बायांनो, तिला बोलू दे. काय म्हणतेस? ... "मग राहू दे." साहेब, ऐकलंत? राहू दे म्हणते ती. आता तुमचा चहा झाला असेल तर निघा.

जिंकले म्हणावं तर तिच्या तोंडाकडे बघवत नाही. असू दे. मी म्हातारी, कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायचं वय गेलं.

चला, उठा सगळे. माझा हात धर गं कुणीतरी. दोन मिनिटं गप्प उभे राहू भास्करसाठी. मनात काय आणायचं ते ज्याचं त्यानं आणावं, पण त्याला माफ तेवढं करू नका. तुमचं त्यानं काय बिघडवलं होतं? माफ करणं सुनंदाकडे आहे. आणि तिनं अजून ठरवलेलं नाही.

मोहन, पंखा बंद कर. आवाज होतोय.