वटा आणि ओटा

माझं माहेर धुळ्याकडचं, कापूस-बाजरीचं गाव, आणि लग्न होऊन आले ती पाचोऱ्याला, तेव्हापासून याच घरात आहे. बाप म्हणायचा, पाचोरा जंक्शन शे, पोर कव्हय बी गाडीत बठीसन यी जाई, पण धुळ्याला जायचं तर चाळीसगावला उतरून दुसरी गाडी धरावी लागायची आणि ती कधी असायची, कधी निघून गेलेली असायची. त्यामुळे माहेर तसं लांबच पडलं. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आता सगळे त्यांना नाना म्हणतात, मी पण नानाच म्हणते.

दारापुढचा वटा त्यांनी स्वतः बांधला. पावसाळ्यात जिनिंग बंद असायचं, त्या दिवसांत बांधला, गुडघ्याएवढा उंच, दोन माणसं मागेपुढे बसतील एवढा रुंद, आणि वर शहाबादी फरशी. भाजीवाली टोपली टेकवायची तिथं, बाया गहू निवडायच्या, मत मागायला येणारे पण तिथंच बसायचे, घरात कोणी येत नव्हतं, जे काय व्हायचं ते वट्यावर. नाना कामावरून आले की तिथं, जेवण झालं की तिथं, काम सुटल्यावर तर दिवसभर तिथंच. मी म्हणायचे, तुमचं लग्न माझ्याशी झालं का वट्याशी.

मग नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. काय सांगू तुम्हाला, बठ्ठं बोलणं गेलं आणि एक शब्द राहिला, नई. डॉक्टर म्हणाले असं होतं, एखादा शब्द मागे राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. चहा देऊ का, नई, आणि डावा हात कपाकडे येतो. भूक लागली का, नई, आणि जेवतात पोटभर. शेजारचे दगाआप्पा वट्यावर बसून मुद्दाम विचारायचे, नाना, तुन्ही बायको चांगली शे का. नई. सगळे हसायचे, नाना पण अर्ध्या तोंडानं हसायचे. वट्यावर त्यांना बोलावं लागत नव्हतं, येणारा-जाणारा राम राम म्हणायचा, ते डावा हात वर करायचे, त्यात त्यांचं भागायचं.

पण त्यांना बाहेर आणायचं म्हणजे मी आणि दगाआप्पा दोघांनी धरायचं, आणि माझे गुडघे गेलेले. एकदा आम्ही दोघं दारातच पडलो. सुनील, माझा मुलगा, पुण्याला असतो, तो म्हणाला, आता इकडं या. नाना घर सोडणार नाहीत हे मला माहीत होतं, लकव्याच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. मग सुनील म्हणाला, ठीक आहे, घरच तुमच्याजोगं करून घेऊ.

भिका मिस्तरीला काम दिलं. त्यानं चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. संडासात कमोड बसवला, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावले, मोरीत पाय सरकणार नाही अशी खरबरीत फरशी घातली, चाकाची खुर्ची जावी म्हणून दार रुंद केलं. सुनील फोनवर सांगायचा आणि भिका करायचा.

शेवटी सुनीलनं भिकाच्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. भिकाभाऊ, आता ओटा तेवढा राहिला, फार उंच आहे, तो फोडा आणि खाली घ्या, खुर्ची नीट लागली पाहिजे, आणि आईला विचारू नका, ती नकोच म्हणेल. भिकानं मलाही ऐकवला. मी हसले. भिका म्हणाला, आक्का, वटा तोडना शे, खुर्चीसाठे उतार करना शे. मी म्हटलं, पोऱ्यानं सांगितलं ना, मग कर. शिकलेली माणसं वट्याला ओटाच म्हणतात.

नाना आत खाटेवर होते. पहिला घण पडला तसे म्हणाले, नई. दुसरा पडला, नई. मग सारखंच, नई नई नई. मी म्हटलं, हो, काम चाललंय, होईल लवकर. पाणी दिलं तर पेला उडवला. मला वाटलं, हात चुकला. पुसून घेतलं आणि मजुरांचा चहा ठेवायला गेले. दुपारपर्यंत वटा निघाला. भिकानं तिथं छान उतार केला, गुळगुळीत नाही, रेघा मारलेला.

आठवड्यानं सुनीलनं व्हिडिओ लावला. आई, आता बसून पोळ्या लाटता येतात ना. मी म्हटलं, कुठं बसून. तो म्हणाला, ओटा दाखव बरं. मी फोन दाराकडे फिरवला, उतार दाखवला. त्यानं तोंड फोनच्या जवळ आणलं. मग म्हणाला, आई, मी स्वयंपाकघरातला ओटा म्हणालो होतो, गॅसचा, तुला खुर्चीवर बसून करता यावं म्हणून. मी म्हटलं, त्याला आपण फरशी म्हणतो. तो म्हणाला, पुण्यात ओटा म्हणतात. मी म्हटलं, बरं.

भिका आला, बसला नाही. म्हणाला, आक्का, मन्हं चुकनं. मी म्हटलं, मी पण ऐकलं होतं. आता फरशी खाली घेऊन देतो म्हणाला, मी नको म्हटलं. अजून उभ्यानंच करते.

सुनील म्हणाला, वटा परत बांधू. पण पुढं जागा नऊ फूट, एक तर उतार राहील नाही तर वटा. उतारानं मी एकटी नानांना बाहेर नेते, कोणाला हाक मारावी लागत नाही, हे पण सांगितलं पाहिजे. पण उतारावर कोणी बसत नाही. चाकाला वीट लावून नानांना ठेवते, लोक मोटरसायकलवरून जाताना हॉर्न वाजवतात, ते हात वर करेपर्यंत पुढं गेलेले असतात. दगाआप्पा येतात, भिंतीला धरून पाच मिनिटं उभे राहतात, त्यांचेही पाय दुखतात, मग जातात. तो बायकोचा प्रश्न आता विचारत नाहीत.

सुनीलनं फोनवरून नानांनाच विचारलं. नाना, वटा बांधायचा का. नई. उतार राहू द्यायचा का. नई. त्यानं दोनदा विचारलं, मग फोन कुठं तरी ठेवला, मला नुसतं छत दिसत होतं.

रडू आलं नाही मला. तेव्हा पण नाही आणि आता पण नाही. मी आता घाई करत नाही एवढंच. काहीही विचारलं की ते नई म्हणतात, मग मी खुर्चीला हात लावून थांबते, तोंडाकडे बघते. परत नई आलं तर ते खरं धरते. चुकतही असेन. आज बाहेर नेऊ का विचारलं तर दोनदा नई म्हणाले, म्हणून आतच आहेत. तुम्ही आलात ते बरं झालं, त्यांच्या पुढ्यात बसा थोडं, काही बोलू नका. देव तुम्हाला हातीपायी धड ठेवो.