चिआंगमाईचा शिंपी

— हत्तीवर बसलास, बरं. त्यासाठी सयामात कशाला मरायला गेलास, राणीच्या बागेत बसला असतास की. टेक रे गुरुदत्त, बाकड्यावर टेक, नुसता उभा राहू नकोस. कंपनीनं बँकॉकला धाडलं, तिथून आगगाडीनं वर चिआंगमाईला — काय बघायला म्हणालास? संस्कृती. आणि डोंगर चढलास, जंगलात राहिलास. शाबास. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला हाक मारली तेव्हा लालबागेतून फाउंटनपर्यंत चालवत नव्हतं तुला, पोटात दुखत होतं. तिथं बरा चढलास. आणि बघितलंस काय — विटांचा पडका तट, भोवती खंदक, डोंगरावर सोन्याचं देऊळ. तट काय, शीवच्या किल्ल्यावर चल, फुकट दाखवतो.

हो, बघतोय फोटो, आंधळा नाही मी. फोटोतला हा शिंपी आहे. मराठी बोलला तुझ्याशी, म्हणून तुला भरून आलं. लालबागची चौकशी केली — मग? जगात शिंपी काय थोडे आहेत? आमचा धाकटा गंगाधर पलटणीचे कपडे शिवायला ब्रह्मदेशात गेला, लढाईत हरवला, संपलं. हा तो नव्हे. कानावर खडू काय, सगळेच ठेवतात. हा नव्हेच — केवढा सुटलाय, केसही गेले त्याचे... बाजूला कोण, बायको? आणि ही दोन पोरं. हं.

ऐक. गुरुजी कधीचे मागे लागलेत — बारा वर्षं उलटून गेली, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, मोकळे व्हा. राधाबाई, गंगाधरची बायको, तीसुद्धा म्हणते, दादा, एकदाचं उरका, वाट बघायचा कंटाळा आलाय मला. गिरणीतल्या लोकांचे डबे भरते ती, कपाळावर त्याचं कुंकू लावून. मीच टाळत होतो. धाकटा भाऊ — आपण अग्नी द्यायचा आणि तो कुठंतरी जिवंत असायचा. हात धजत नव्हता.

आता धजेल. येत्या अमावास्येला.

फोटो राहू दे माझ्याकडे. दुसरा असेल तर फाडून टाक. आणि तोंडातून एक अक्षर —

ये राधाबाई, गेले सगळे डबे? काही नाही, हा गुरुदत्त फिरून आलाय. सांग रे हिला. हत्तीचं सांग.