तीस बटणांचा हिवाळा

बायको: सरावाच्या वहीतलं सायकलीचं पान झालं. तीन महिन्यांत नऊशे किलोमीटर, आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेर एक वीतही नाही.

शिंपी: स्टँडवर बसवलेल्या सायकलीचा तोच तर हेतू आहे. बाहेर कडाक्याची थंडी, आत शिलाई मशीन आणि आरसा यांच्यामध्ये माझा सराव अखंड चालू राहिला.

बायको: अखंडच. वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या, तरी तुम्ही खाली उतरला नाहीत. सीटवरूनच त्यांना म्हणालात, जरा वळा, पाठीची शिवण बघू दे. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही थांबा, मला गरगरतंय.

शिंपी: कोट मात्र निर्दोष बसला. लिही, सायकल समाधानकारक.

बायको: लिहिलं. धावणं?

शिंपी: दहा किलोमीटर, एक तास चार मिनिटे. त्यातील दीड मिनिट वजा करावे. धुक्यात एका टपालपेटीला मी माणूस समजून वाट दिली होती.

बायको: दीड मिनिट?

शिंपी: ती पुढे जाईना.

बायको: लिहिते. धावणं समाधानकारक, टपालपेटी वगळून. आता पोहणं.

शिंपी: ते पान उघडण्यापूर्वी दार लोटून घे. शेजारचा घड्याळजी कान देऊन बसलेला असतो. गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनमध्ये मला पाण्यातून होडीत उचलून घेतले, तेव्हापासून तो मला होडीवाले म्हणतो. परवा एक अनोळखी गृहस्थ विजार घेऊन आले आणि विचारते झाले, होडीवाले शिंपी आपणच का.

बायको: मग काय म्हणालात?

शिंपी: होय म्हणालो. विजार घेतली.

बायको: लोटलं दार. अर्ज आज सहापर्यंतच भरता येतो, आणि पाच वाजून गेलेत. घाई करा.

शिंपी: घाई नको. माझा शब्द तुला ठाऊक आहे. दीड हजार मीटर पोहायला पन्नास मिनिटांची मर्यादा आहे. या हिवाळ्याच्या सरावाने मी त्या मर्यादेत आलो नसेन, तर अर्ज भरायचा नाही, आणि सायकल तुझ्या भावाला परत करायची. त्यासाठीच तर आजवर हे पान मी पाहिले नाही. वाच, मी डोळे मिटतो.

बायको: मिटू नका हो. मीच रोज लिहिलंय, मला माहीत आहे काय आहे ते. महिनाभर कसं सांगावं तेच समजत नव्हतं.

शिंपी: सांग.

बायको: परवाची शेवटची चाचणी. वाटीत तीस बटणं. साडेसातशे मीटर. अडतीस मिनिटं.

शिंपी: साडेसातशेला अडतीस?

बायको: म्हणजे दीड हजाराला शहात्तर. गेल्या वर्षी होडी आली, तेव्हा पन्नास मिनिटांत तेराशे तरी झाले होते.

शिंपी: याचा अर्थ असा की तीन महिने नित्यनेमाने सराव करून मी पूर्वीपेक्षा अधिक हळू झालो. असा उलट दिशेचा पराक्रम माझ्या वाचनात नाही. थंडीत पाणी दाट तर होत नसेल?

बायको: तलावाचं पाणी गरम करतात. तुम्हीच सांगितलंत.

शिंपी: मग मीच दाट झालो असेन.

बायको: दाट कुठले. तीनदा तुमची विजार कमरेत आत घेतलीत. जेवायला बसलात की पातेलं खरवडूनच उठता. मला वाटलं, पोटात काहीतरी झालंय. तुमच्या आईंनी मला फोनवर विचारलं, सुनबाई, त्याला जेवायला देतेस ना.

शिंपी: असो. भावाला कळव, सायकल उद्या घेऊन जा म्हणावे. तलावावरच्या जीवरक्षकालाही सांगावे लागेल. भला माणूस आहे. परवा तीस बटणे संपताच त्याने घड्याळ थांबवले आणि म्हणाला, काका, भरले, आता अर्ज भरून टाका. मी समजलो, माझे सांत्वन करतो आहे.

बायको: भरले म्हणजे काय भरले?

शिंपी: ते विचारण्याइतका श्वास तेव्हा माझ्याजवळ नव्हता.

बायको: मला एक सांगा. ती बटणांची वाटी तुम्ही ठेवता कुठे?

शिंपी: काठावर, पायऱ्यांपाशी. आकडे मोजू लागलो की मला गिऱ्हाइकांची मापे आठवतात आणि मी छाती चाळीस, कंबर छत्तीस म्हणत बुडू लागतो, म्हणून तर ही युक्ती काढली. काठाशी आलो की पिशवीतले एक बटण वाटीत टाकायचे. वाटी घरी आणायची, तू मोजून लिहायचेस.

बायको: आणि समोरच्या काठावर?

शिंपी: समोरच्या काठावर काय?

बायको: तिथे दुसरी वाटी आहे का?

शिंपी: दोन वाट्या कशाला? समोरच्या भिंतीला हात लावायचा, परत यायचे, मग बटण.

बायको: अहो, मी तलाव पाहिलाय कुठे? मला वाटलं, पंचवीस मीटर झाले की एक बटण. तीन महिने मी तसंच गुणलंय.

शिंपी: पंचवीस जायचे, पंचवीस यायचे.

बायको: पन्नास. तीस बटणं. थांबा, खडू द्या. या अस्तरावरच मांडते.

शिंपी: ते घड्याळजीच्या कोटाचे अस्तर आहे.

बायको: आतल्या बाजूला जाईल. पन्नास गुणिले तीस. दीड हजार.

शिंपी: पुन्हा मांड.

बायको: जीवरक्षक म्हणाला ते हेच भरले. दीड हजार मीटर, अडतीस मिनिटं. मर्यादेला बारा मिनिटं शिल्लक.

शिंपी: म्हणजे हिवाळाभर मी...

बायको: दुप्पट पोहलात. रोज. आणि मी रोज निम्मं लिहीत होते. पाठीवर हात फिरवून वर म्हणत होते, होईल हळूहळू.

शिंपी: मीही रात्री निजताना मनाशी म्हणत असे, एवढे थकण्यासारखे आज काय केले आपण.

(दोघे इतके हसतात की घड्याळजी भिंत ठोकतो.)

बायको: फोनवर अर्ज उघडलाय. पोहण्याचा अपेक्षित वेळ विचारताहेत.

शिंपी: पंचेचाळीस लिही.

बायको: अडतीस लिहिलं.

शिंपी: अगं, परीक्षकांसमोर एवढी फुशारकी बरी नव्हे.

बायको: तीन महिने निम्मं लिहिलं, आता खरं लिहू द्या. इथे अंगठा दाबा, की गेला अर्ज.

शिंपी: जरा थांब. मघाशी सगळे संपले होते तेव्हा मी शांत होतो. आता कशाची भीती वाटते आहे मला?

बायको: पूर्ण होईल, याची. दाबा.