ओवीतलं नाव

(लातूर-नांदेड एसटी. दुपार. मायलेकी शेजारी-शेजारी.)

भामाबाई : मळमळत असंल तर तोंड खिडकीकडं कर.

बुद्धप्रिया : बस न्हाई लागली, माय. वरदच्या घरातलं तोंडातून जाऊन न्हाई राहिलं.

भामाबाई : शिरा तर साजूक तुपातला होता.

बुद्धप्रिया : शिऱ्याचं कुठं बोलून राहिले मी!

भामाबाई : मग बोल की. चाकूर मागं गेलं, तू नुसती तोंड पुसून राहिलीस. त्याची माय तर लई खूष. 'गोड गळा आहे हो,' म्हणली. लग्नाची तारीखबी काढायला बसली.

बुद्धप्रिया : तेच तर तोंडातून जाईना. दोन वर्षं, माय! जर्मनीतल्या त्या थंडीत दर शनिवारी माझ्या खोलीवर यायचा. मी भाकरी थापायची, हा भांडी घासायचा. 'इथं कुणी आडनाव विचारत नाही, किती मोकळं वाटतं,' म्हणायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी आपली ओवी म्हणले, तर सगळ्यांच्या आधी हाच उभा राहिला टाळ्या वाजवत. फोनात भरून घेतली.

भामाबाई : अन् दोन वर्षांत याच्या पोटातलं कळलं न्हाई तुला?

बुद्धप्रिया : तिकडं त्याचे आई-बाप बघत नव्हते ना. आज त्याच्या वडलांनी आपलं आडनाव विचारलं, तर हा मधेच, 'नांदेडचेच आहेत, बाबा.' जसं नांदेड हेच आडनाव!

भामाबाई : मी आपली कपातल्या चहाकडं बघत बसले.

बुद्धप्रिया : मग मला गायला लावलं. 'दळण मी दळिते, उजेड दाण्यादाण्यात, भीमराया माझा...' तितक्यात यानं टीपॉयखालून माझा पाय दाबला. अन् वरून स्वतःच मोठ्यानं, 'रामराया माझा, राहतो माझ्या गाण्यात.' हसत हसत! शी! पाय अजून धुवावा वाटून राहिलाय.

भामाबाई : रामाच्याबी ओव्या हायत की. शेजारची रेणुका किती गोड म्हणती.

बुद्धप्रिया : रामाशी माझं काय भांडण? ही ओवी त्याची न्हाई, एवढंच. तुझ्या मायनं रचलेली. तू का गप बसलीस?

भामाबाई : तू तिकडं एकटी. ताप आला तर पाणी द्यायला कुणी न्हाई म्हणून फोनवर रडायचीस. म्हणलं, एक नाव गिळावं, लेकीला माणूस मिळंल.

बुद्धप्रिया : त्याची माय 'पुन्हा म्हण' म्हणली, तवा मी काय म्हणले, ऐकलंस?

भामाबाई : ऐकलं.

बुद्धप्रिया : तवा त्यानं पाय दाबला नव्हता, माय. मीच नाव बदललं.

भामाबाई : पाणी पी. घोटभरच.

बुद्धप्रिया : त्याचा फोन आलाय.

भामाबाई : स्पीकरवर टाक.

वरद : हॅलो, पोचलात का? आई एकदम फिदा आहे तुझ्यावर! म्हटलं होतं ना मी?

बुद्धप्रिया : नाव का बदललंस?

वरद : अगं, एका दिवसाचा तर प्रश्न होता. लग्न झालं की आपण परत तिकडंच. तिथं तुला हवं ते गा. मला काही फरक पडतो का?

बुद्धप्रिया : तिकडं गायचं अन् लातुरात गिळायचं?

वरद : सांगू ना त्यांना, हळूहळू. तू उगाच ताणतेस.

बुद्धप्रिया : मला तुझी किळस आली, वरद. अन् माझीबी. हे लग्न मी करत न्हाई.

वरद : प्रिया, असं काय... काकू आहेत ना तिथं? काकू, तुम्ही समजवा हिला.

भामाबाई : हाव, ऐकून राहिले. वरदराव, ती ओवी हाय न्हवं तुमच्या फोनात?

वरद : आहे ना, काकू! रोज ऐकतो. तिच्याशिवाय तिकडं झोप लागत नाही मला.

भामाबाई : पुसून टाका.

वरद : काकू?

भामाबाई : माझी माय दुसऱ्याच्या घरचं दळण दळायची, पहाटं. डोळा लागू नये म्हणून रचली तिनं ती. झोपायसाठी न्हाई.

बुद्धप्रिया : फोन ठेवला त्यानं.

भामाबाई : ठेवू दे. तू म्हण आता.

बुद्धप्रिया : इथं? एसटीत? लोक बघतेत, माय.

भामाबाई : बघू दे. मी 'भीमराया'पासून धरते, तू मागून ये.